होंडा सिटी २००१: थ्रॉटल सेन्सरची दुरुस्ती, पाच आठवड्यांच्या नोंदी

गाडी पहिल्या पिढीची होंडा सिटी, १.५ पेट्रोल, मॅन्युअल गिअर. बाबांनी २००१च्या मार्चमध्ये नवी घेतली, आता माझ्याकडे आहे. १ लाख ८४ हजार किलोमीटर झालेत. आरसीची मुदत २०१६ला आणि २०२१ला पाच-पाच वर्षांनी वाढवून घेतली, पुढची खेप मार्च २०२६ची. तोवर गाडी ठणठणीत करायची हे घरात ठरलंय. हे मॉडेल भारतात १९९८च्या जानेवारीत आलं आणि २००३ला दुसरी पिढी आली. म्हणजे रस्त्यावर उरलेल्या या प्रत्येक सिटीचा मूळ थ्रॉटल सेन्सर (अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनला कळवणारा) वीस वर्षांहून जुना आहे. कुणाच्या गाडीत खाली लिहिलेली लक्षणं असतील तर माझे वाया गेलेले रविवार तरी त्याला उपयोगी पडावेत, म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवलं.

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

गुरुवारी भाऊबीजेला पुण्याला ताईकडे गेलो होतो. रात्री साताऱ्याला परतताना खंबाटकी घाट चढताना गाडीने घाम फोडला. ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस-पंचेचाळीसने चढत होतो. पाय हलका आणि एका जागी धरून ठेवला की गाडी झटके मारते, कुणी मागून दोर ओढून सोडतंय असं वाटतं. पाय आणखी दाबला की साफ. पूर्ण उचलला तरी साफ. मधल्या त्या एका जागीच त्रास. मुलं मागे झोपली होती, ती उठून बसली.

दुसरं लक्षण जुनं आहे. इंजिन गरम झाल्यावर रेस चढून राहते. साताऱ्यात पोवई नाक्यावर थांबलो की आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा १३००वर, आणि कधी कधी मिनिटभर खाली येतच नाही. तिसरं, अ‍ॅव्हरेज. हमरस्त्यावर साडेतेरा देणारी गाडी दहावर आली.

सप्टेंबरमध्ये एका गॅरेजला दाखवली होती. प्लग, प्लगच्या वायरी, पेट्रोल फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग, एकूण ४,७०० रुपये. देताना ‘पिकअपपण काढून दिलाय’ म्हणाले. पिकअप खरंच बरा वाटला होता, झटके मात्र गेले नाहीत.

आज मेढा रस्त्यावर पहाटे एकट्याने गाडी काढली आणि एकच गोष्ट तपासली: झटका नेमका कशाला चिकटलाय? वेगाला, आरपीएमला की पायाच्या जागेला? दुसऱ्या गिअरमध्ये झटका आला, तिसऱ्यात आला, चौथ्यातही आला. तिन्ही वेळा वेग वेगळा, आरपीएम वेगळा. पाय मात्र दर वेळी त्याच जागी. पेडल साधारण बोटभर दाबलेलं. स्पार्क कमजोर असता तर चढाला जोर लावल्यावर त्रास वाढला असता. इथे जोर लावला की त्रास जातो. म्हणून संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तोच कळवतो.

बुधवार, २९ ऑक्टोबर

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. तरी कोड (ईसीयूने नोंदवलेल्या बिघाडाचा नंबर) बघून घेतला. या गाडीत स्कॅनर लागत नाही. डाव्या सीटसमोर, डॅशबोर्डखाली दोन पिनांचा एक कनेक्टर मोकळा लोंबतो. त्यात यू आकाराची वायर घालून चावी ऑन केली की दिवा लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. सात आखूड आल्या की थ्रॉटल सेन्सर, एक लांब आणि चार आखूड म्हणजे आयडलचा (पाय उचललेला असतानाच्या इंजिनच्या चालीचा) व्हॉल्व्ह.

दिवा लुकलुकलाच नाही. म्हणजे कोड नाही.

मग मुद्दाम सेन्सरचा कनेक्टर काढून चावी ऑन केली. लगेच सात. दिवा आणि ईसीयू दोन्ही जागे आहेत, एवढं पक्कं झालं. कनेक्टर बसवला, बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून कोड पुसला.

हे समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली: व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या पार खाली किंवा वर गेलं तरच कोड सात लागतो. सेन्सर मर्यादेच्या आत राहून चुकीचं सांगत असेल, तर ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवतो. दिवा लागला नाही म्हणून सेन्सर सुटला असं धरू नका.

शनिवार, १ नोव्हेंबर

डिजिटल मल्टिमीटरने मोजणी. कनेक्टर लावलेलाच ठेवायचा आणि मागून, वायरीच्या रबरी बुचाच्या कडेने, शिवणकामाची बारीक सुई आत सरकवायची. वायरीचं आवरण टोचू नका. तिथून पाणी शिरतं आणि पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

माझ्या गाडीत तीन वायरींपैकी मधली सिग्नलची आहे. बाजूच्या दोघींपैकी एकीवर पाच व्होल्ट, दुसरी सेन्सरची अर्थ (अर्थिंगची वायर). मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावू नका, सेन्सरच्याच अर्थला लावा, नाहीतर मधल्या जोडांमधली व्होल्टेजची घटही आकड्यात मिसळते. चावी ऑन, इंजिन बंद:

पुरवठा ४.९८ व्होल्ट. अर्थ आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यातला फरक ०.०२, म्हणजे अर्थ चांगली. पाय उचललेला असताना ०.६३. पूर्ण उघडल्यावर ४.५२.

होंडाच्या या इंजिनांना बंद स्थितीत साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साडेचार हवा. वरचा आकडा बरोबर, खालचा ०.१३ने जास्त. थ्रॉटलचा लिव्हर बोटाने हळूहळू फिरवला, आकडे एकामागून एक चढत गेले, कुठे अडले नाहीत.

म्हणून वहीत लिहिलं: ‘सेन्सर चांगला, फक्त सेटिंग हललंय. फिरवून ०.५० करणे.’ हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकला. सेन्सर चांगला नव्हता आणि सेटिंग हललेलं नव्हतं. ओळ खोडली नाही, तशीच ठेवली आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

आमच्या शेजारच्या काकांनी उभा जन्म रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीत घालवला. सकाळी बॉनेट उघडं बघून ते फाटकापाशी थांबले. मी कालचे आकडे सांगितले.

‘‘डिजिटलने बघितलंस ना? मग तुला ते दिसणारच नाही,’’ काका म्हणाले. ‘‘रेडिओचा आवाजाचा नॉब खरखरतो ना, तसंच आहे हे. थांब, काट्याचं मीटर आणतो.’’

काकांचं मीटर त्यांच्या दुकानातलं, काच पिवळी पडलेली. दहा व्होल्टच्या रेंजवर लावलं. त्यांनी काट्यावर डोळे ठेवले, मी लिव्हर फिरवत गेलो, अगदी घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या चालीने. काटा अर्ध्याच्या वर निघाला, पाऊण, एकच्या जवळ गेला आणि तिथे एकदम खाली पडून परत उसळला. लिव्हर मागे घेतला, पुन्हा त्याच जागी आणला, पुन्हा पडला. साधारण ०.९ ते १.१ व्होल्टच्या पट्ट्यात काटा थरथरतच राहिला. त्याच्या पुढे ४.५पर्यंत रेशमासारखा गेला.

बोटाखाली लिव्हरची ती जागा ओळखीची वाटली. पेडल बोटभर दाबल्यावर येते तीच ती जागा.

आत कार्बनचा अर्धगोल पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक बोटं सरकतात. चोवीस वर्षं गाडी बहुतेक वेळ हलक्या पायाने चालली, तेवढ्याच भागावर बोटं घासत राहिली आणि पट्टा तिथेच झिजला. संपर्क क्षणभर तुटला की ईसीयूला वाटतं पाय उचलला. तो पेट्रोल कमी करतो, लगेच संपर्क परत येतो, पेट्रोल परत वाढतं. खंबाटकीतला दोर ओढणारा तोच. माझं डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतं, त्यामुळे ते पडणं त्याला सापडलं नाही.

वायरीचा दोष नाही याची खात्री करायला कनेक्टर काढून सेन्सरचाच रोध मोजला. दोन टोकांत स्थिर ४.७ किलोओहम. टोक आणि मधली पिन यांच्यात त्याच जागी काटा उडतो. वायरिंग निर्दोष, सेन्सर बदलायचा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पार्ट्सच्या काउंटरवर उत्तर मिळालं की सेन्सर सुटा येत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडीच (इंजिनात हवा सोडणारा भाग, सेन्सर त्यावरच बसतो) घ्यावी लागते, आणि या मॉडेलची ती आता मिळत नाही. मग ऑनलाइन एक बिननावाचा सेन्सर मागवला, १,२५० रुपये. फोटोत तीन पिना, दोन भोकं, शाफ्टची खाच, सगळं जुळत होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी नऊला सुरुवात, दुपारी साडेतीनला संपलं. दोन तासांचं काम म्हणून बसलो होतो.

अडचण स्क्रूंची. कारखान्यात सेन्सर ज्या दोन स्क्रूंनी बसवतात त्यांची डोकी गुळगुळीत असतात, स्क्रू ड्रायव्हरला खाचच नसते. सेटिंग कुणी हलवू नये हाच हेतू. ते गाडीवर असताना काढायच्या फंदात पडू नका, मागच्या बाजूला हातही पुरत नाही. थ्रॉटल बॉडी उतरवावी लागते: हवेचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, दोन कूलंटच्या नळ्या, व्हॅक्यूमच्या नळ्या, मग इंटेककडचे नट. नळ्या उपसायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येकीला कागदी चिकटपट्टी लावून नंबर द्या.

टेबलावर आल्यावर बॉडीचं तोंड जुन्या बनियनच्या कापडाने गच्च बंद केलं, म्हणजे लोखंडाचा कीस आत जाणार नाही. हॅकसॉचं पातं हातात धरून पहिल्या स्क्रूच्या डोक्यात खाच पाडली. वीस मिनिटं. मोठा स्क्रू ड्रायव्हर लावला, मागून हातोडीचे दोन हलके ठोके दिले, फिरला. दुसऱ्याची खाच तिरकी पडली आणि धार निसटली. शेवटी डोकंच कापून टाकलं, सेन्सर उचलला आणि उरलेला दांडा लॉकिंग पक्कडने धरून काढला. यातच दीड तास गेला. माप घेऊन हार्डवेअरच्या दुकानातून तेवढेच, स्टारच्या डोक्याचे स्क्रू आणले.

एक गोष्ट मात्र सेन्सर उचलण्याआधी केली आणि पुढे तिनेच मला खरं काय ते सांगितलं. सेन्सरच्या कडेपासून बॉडीवर जाणारी एक सरळ रेघ सुईने ओरखडून ठेवली.

थ्रॉटलच्या पाकळीच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर उघडून हवा सोडणाऱ्या चकतीच्या, कडेला काळा डिंक जमला होता, तो कापडाला क्लीनर लावून पुसला. क्लीनरचा फवारा सेन्सरच्या बाजूला मारू नका, शाफ्टमधून आत उतरतो. पाकळीच्या बंद स्थितीचा जो छोटा स्टॉप स्क्रू असतो, त्याचा कारखान्यातला रंग शाबूत होता. त्याला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका.

नवा सेन्सर, नवं गॅसकेट (१८० रुपये), सगळं परत जागेवर. चावी ऑन करून सेन्सर फिरवत ०.५० आणलं. स्क्रू आवळताना सेन्सर सरकतो. ०.५०वर धरून आवळलं की ०.५४ होतं. आठव्या-नवव्या प्रयत्नात जमलं: एक स्क्रू जेमतेम धरेल इतका आवळायचा, मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरच्या कडेला टकटक करत आकडा आणायचा, नंतर दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव पाव फिरवत घट्ट करायचे.

मेढा रस्त्यावर चक्कर मारली. झटके गेले! रेस मात्र १३००वरच. वर आयडल आता खाली-वर डोलायला लागलं, ९००, १४००, ९००.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ऑफिसहून आल्यावर गरम इंजिनवर मोजलं: ०.५७. रात्री थंड झाल्यावर ०.५०. सकाळी पुन्हा ०.५०, बाजारात जाऊन आल्यावर ०.६१. स्क्रू घट्ट आहेत, रेघ हललेली नाही, म्हणजे सेन्सरच गरम झाल्यावर सरकतो. पूर्ण उघडल्यावर तो ४.१च्या वर जातही नाही. बसवलेला माल परत घेत नाहीत. १,२५० रुपये गेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एसटीने पुणे गाठलं. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे तीन ठिकाणी फिरलो. पिशवीत काकांचं मीटर होतं. पहिल्या ठिकाणची थ्रॉटल बॉडी काट्यावर लावली, माझ्यासारखीच झिजलेली. दुसऱ्या ठिकाणच्या बॉडीत शाफ्ट गंजलेला आणि त्याला प्ले (ढिलेपणा) होता, पण सेन्सरचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाही थरथरला नाही. सहा वेळा फिरवून बघितलं. दुकानदाराने शांतपणे बघू दिलं आणि ३,५००चे २,८०० केले. जुना भाग काउंटरवरच काट्याच्या मीटरने तपासून घ्या, घरी आल्यावर उपयोग नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

आता हात बसलाय. आणलेल्या बॉडीवरचा सेन्सर काढायला चाळीस मिनिटं लागली. आपल्या बॉडीवर बसवून ०.५० सेट केलं. गरम इंजिनवर ०.५०, थंडावर ०.५०. पूर्ण उघडून ४.४१.

मग डोलणारं आयडल. थ्रॉटल बॉडीतून कूलंट जातो, कारण थंड इंजिनला जादा हवा देणारा मेणाचा व्हॉल्व्ह त्याच कूलंटने गरम होऊन बंद होतो. मी नळ्या काढल्या तेव्हा कूलंट सांडला आणि आत हवा राहिली. व्हॉल्व्हला पुरती ऊब मिळत नव्हती. रेडिएटरचं झाकण उघडून, थर्मोस्टॅटजवळचा, हवा काढायचा ब्लीड बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतला (५२० रुपये). हे थंड इंजिनवरच करा. त्यानंतर डोलणं बंद झालं.

रेस १२५०. खाली येत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रेस चढलेली म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय, ती गळती शोधण्यात चार संध्याकाळी गेल्या. ब्रेक बूस्टरची नळी पक्कडने दाबली, फरक नाही. क्रँककेसची नळी दाबली, फरक नाही. इंटेकच्या गॅसकेटभोवती थोडं थोडं क्लीनर मारून आरपीएम बघितलं, काही नाही. आयडलचा स्क्रू पूर्ण आत फिरवला तरी ११००. इतक्या कमी हवेत इंजिन बंदच पडायला हवं होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हवेचा पाइप काढून थ्रॉटलचं तोंड उघडं केलं आणि इंजिन चालू केलं. तोंडाशी दोन बारीक भोकं आहेत, पाकळी बंद असताना आयडलची हवा त्यांतून जाते. दोन्हींवर बोटं ठेवली. इंजिन मरायला हवं. ते हजारावर चालतच राहिलं आणि पाकळीच्या कडेने बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

लिव्हरला अंगठा लावून बंदच्या दिशेने ढकललं. तो हलला. अगदी कागदाच्या जाडीएवढा, पण हलला. शिट्टी थांबली, इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

पाकळी पूर्ण बंद होतच नव्हती. केबलकडे बघितलं तर वीणेच्या तारेसारखी ताणलेली. या केबलला दोन बोटांनी वर-खाली दाबल्यावर १० ते १२ मिमी ढील हवी. माझ्याकडे शून्य. सप्टेंबरमध्ये ‘पिकअप काढून दिला’ म्हणजे केबल ओढून दिली होती. पेडलला हात लावताच गाडी उठायची म्हणून पिकअप बरा वाटत होता. 

आणि मी? थ्रॉटल बॉडी दोनदा उतरवली, केबल दोनदा काढली, दोनदा जशी होती तशीच लावली, आणि अर्धवट उघड्या पाकळीवर बसून ०.५० सेट केलं. सेन्सरला हात लावण्याआधी केबल सैल करून पाकळी स्टॉप स्क्रूला टेकते का ते बघणं ही या कामाची पहिली पायरी आहे. मी ती चौथ्या आठवड्यात केली.

रविवार, २३ नोव्हेंबर

सगळं पहिल्यापासून, बरोबर क्रमाने.

केबलचे दोन नट (दोन पाने, एक धरायला एक फिरवायला) सैल करून ढील ११ मिमी ठेवली. लिव्हर स्टॉपला टेकला. सेन्सरचं व्होल्टेज ताबडतोब ०.३८वर उतरलं. म्हणजे केबलनेच ०.१२ वाढवले होते. १ नोव्हेंबरच्या नोंदीत ०.१३ जादा दिसलं होतं, ते जवळपास एवढंच.

स्क्रू सैल करून पुन्हा ०.५०. आवळल्यावर ०.५१, तेवढं चालेल. मग बायकोला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगितलं: ४.५०. हाताने लिव्हर पूर्ण उघडला तर ४.५१. केबल सैल केल्यावर हे बघायलाच हवं, जास्त ढील दिली तर थ्रॉटल पूर्ण उघडत नाही.

आयडल असं बसवलं: रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन गरम केलं. एसी, दिवे, सगळं बंद. आयडलच्या व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला आणि आयडलचा स्क्रू फिरवून आरपीएम ४५०च्या आसपास आणलं. इंजिन बंद करून कनेक्टर लावला. तो काढल्यामुळे कोड १४ बसतो, म्हणून बॅकअप फ्यूज पुन्हा दहा सेकंद काढला. चालू केल्यावर काटा ७५०वर येऊन थांबला. एसी लावला, जरा खाली वाकून परत सावरला.

काम संपल्यावर बॅटरीच्या उजेडात ९ तारखेची रेघ बघितली. सेन्सर दुसऱ्या गाडीचा, तरी त्याची कड जुन्या रेघेपासून केसभर अंतरावर येऊन बसली होती. कारखान्यात २००१ साली जिथे बसवला, तिथेच. ते सेटिंग चोवीस वर्षांत हललंच नव्हतं. झिजला होता तो फक्त आतला पट्टा, आणि ०.१३चा फरक केबलचा.

खर्च: सेन्सरसाठी घेतलेली जुनी बॉडी २,८००, गॅसकेट १८०, कूलंट ५२०, स्क्रू आणि क्लीनर ३४०. मिळून ३,८४०. ऑनलाइन सेन्सरचे १,२५० आणि सप्टेंबरचे ४,७०० यांत धरले नाहीत. वेळ सुमारे तीस तास, त्यातले निदान अठरा चुकीच्या दिशेने. केबल आधी बघितली असती आणि चांगला सेन्सर हाताशी असता तर एका रविवारी उरकलं असतं.

काकांचं मीटर पुसून परत दिलं. ते म्हणाले, ‘‘राहू दे तुझ्याकडेच, मला आता काटा नीट दिसत नाही.’’

रविवार, ३० नोव्हेंबर

टाकी भरून पुण्याला ताईकडे जाऊन आलो. परतताना खंबाटकीत मुद्दाम एका ट्रकच्या मागे राहिलो, तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसला, पाय बोटभर दाबून. चार वळणं तसाच धरून ठेवला. एकही झटका नाही. उतारावर पाय उचलला की इंजिन गाडी धरतं, ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. पाय उचललाय हे ईसीयूला आता कळतं, तो उतारावर पेट्रोल तोडतो.

पोवई नाक्यावर काटा ७५०. परतल्यावर टाकी भरून हिशेब केला: १३.१. गरम इंजिनवर सेन्सर मोजला, ०.५१.

एक काम राहिलंय. सेन्सरच्या कनेक्टरच्या मागचं रबरी बुच सुया घालून घालून थोडं फाटलंय. पाऊस सुरू होण्याआधी ते बदलायचं. जुन्या बॉडीवर त्याच मापाचं एक शाबूत आहे, ते काढून डबीत ठेवलंय.